शोधण्याची मजुरी

बॅटरी ७,४०० रुपये. सेल्फ उघडून कार्बन, बुश आणि बेंडिक्स नवे टाकले, ३,२००. डायनामो ५,१००. आणि या सगळ्यांच्या आधी ॲक्सिलरेटरची केबल, ३५०. ही चार बिलं मी हळदीच्या विक्रीच्या पट्ट्यांसोबत एकाच डब्यात ठेवली आहेत. चारही एकाच बिघाडापायी झालेली, आणि तो बिघाड या चारांपैकी एकाही वस्तूत नव्हता.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात, गिरडच्या बाजूला. कापूस, तूर आणि थोडी हळद. भौगोलिक मानांकन मिळालेली ती वायगावची हळद. पिकअप २००४ ची. ह्यांचे गुडघे दुखायला लागले तेव्हापासून, म्हणजे आठ वर्षं, ती मीच चालवते. कापूस हिंगणघाटला न्यायचा, येताना सरकीची ढेप आणायची, जूनमध्ये खताच्या गोण्या, मधल्या दिवसांत कोणाचं सोयाबीन तर कोणाच्या लग्नाची भांडी. आमच्या भागात अशा जुन्या गाड्या घरोघरी आहेत. नवी घेण्याइतकं पीक दरसाल होत नाही, आणि जुनी जपली तर वर्षानुवर्षं चालते. म्हणून तिच्या दुरुस्तीत वाया जाणारा प्रत्येक रुपया घरातून जातो, पोरीच्या फीमधून किंवा पुढच्या बियाण्यातून. त्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. कापूस भरून मार्केटच्या रांगेत रात्रभर उभी होते. पहाटे रांग सरकली आणि मी चावी फिरवली. ‘कट्’. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘कट्’. सेल्फ फिरलाच नाही. मागून हॉर्न सुरू झाले. पाच-सहा हमालांनी मिळून धक्का दिला, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला, तेव्हा कुठे सुरू झाली. जुन्या डिझेल गाडीचा हा मोठा गुण आहे. पंप यांत्रिक, डिझेल दाबानेच पेटतं, ठिणगी लागत नाही. इंजिन एकदा फिरलं की विजेवाचूनही चालत राहतं. पण याच गुणापायी आपण गाफील राहतो. चालते आहे ना, मग लायटिंगचं नंतर पाहू, असं म्हणत महिने काढतो.

“बॅटरी बसली भाऊ,” पहिल्या गॅरेजात ह्यांना सांगितलं. गाडी मी चालवत आणली होती, तरी सांगितलं ह्यांनाच. मोजलं कोणी काही नाही. नवी बॅटरी बसवली, गाडी एका चावीत सुरू झाली, आमचा विश्वास बसला. तीन आठवड्यांनी पुन्हा ‘कट्’. मग सेल्फ उघडला. महिनाभर बरं चाललं. मग एका गार सकाळी पुन्हा तेच, आणि आता दोष आला डायनामोवर. दर वेळी गाडी सुधारल्यासारखी का वाटत होती, ते नंतर कळलं. दर कामात कोणी तरी क्लॅम्प आवळायचं, वायर हलवायचं, नवी बॅटरी थोडा जास्त जोर लावायची. आजार तसाच राहायचा, फक्त ताप उतरायचा.

शेवटी हिंगणघाटातल्या एका पत्र्याच्या टपरीत पोचले. तिथले मिस्त्री सत्तरी ओलांडलेले, सगळे त्यांना चाचा म्हणतात. मेजावर दोन हत्यारं होती. दोन वायरी जोडलेला इंडिकेटरचा बल्ब, आणि चिकटपट्टीने सांधलेलं एक पिवळं मीटर. चाचांनी बॉनेट उघडलंच नाही आधी. विचारत बसले.

“कधीपासून होते असं?”

मी बॅटरी, सेल्फ, डायनामो, सगळं सांगितलं.

“त्याच्या आधी काय काम केलं?”

ॲक्सिलरेटरची केबल बदलली होती.

“केबल कायले बदलवली?”

वरचं प्लॅस्टिक वितळून आत चिकटलं होतं, पेडल अडकत होतं.

चाचांनी चहाचा कप खाली ठेवला. “अन् त्याच्याही आधी?”

क्लच प्लेट टाकली होती. गिअरबॉक्स खाली उतरवला होता.

“बसा आत. मी सांगतो तवा चावी फिरवजा.”

मग जे झालं ते मी आकड्यांसकट सांगते, कारण ते कोणालाही करता येतं. चावी बंद असताना बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावलं: १२.६ व्होल्ट. बॅटरी पूर्ण भरलेली. मी चावी फिरवली, सेल्फ कण्हत अर्धा फेरा फिरला, तेवढ्यात बॅटरीवर ११.१ दिसले. चांगल्या बॅटरीचा आकडा. मग मीटरचं एक टोक सेल्फच्या मोठ्या बोल्टवर आणि दुसरं सेल्फच्याच अंगावर धरून पुन्हा चावी: ७.६. बॅटरीतून ११.१ निघाले आणि सेल्फला ७.६ च पोचले, तर मधले साडेतीन व्होल्ट गेले कुठे? चाचांनी बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत मोजलं: ०.३. ही बाजू ठीक. मग बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या लोखंडापर्यंत: ३.२. तिथे अर्ध्या व्होल्टाच्या आतच असायला हवं.

“गाडीतल्या करंटले परत यायले रस्ता लागते ताई,” ते म्हणाले. “त्याचा रस्ता बुजला तं तो मंग कोनाच्याही वावरातून येते.”

इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेलं असतं, म्हणून ते चेसिसला विजेच्या दृष्टीने जोडलेलं नसतं. त्यासाठी तांब्याच्या तारांची विणलेली एक चपटी पट्टी लावतात, गिअरबॉक्सपासून चेसिसपर्यंत. तीच अर्थिंगची पट्टी. क्लचचं काम झालं तेव्हा ती काढली आणि परत लावताना गंजावर, चिखलावर तशीच आवळली. वर तिचे निम्मे धागे तुटलेले. सेल्फ दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो. एवढ्या करंटला एका ओहमचा पन्नासावा भाग इतका अडथळाही तीन-चार व्होल्ट खाऊन टाकतो, आणि त्या सांध्यावर पाचशे वॅटची उष्णता काढतो. उरलेला करंट वाट शोधत ॲक्सिलरेटरच्या बारीक लोखंडी केबलमधून जात होता. केबल वितळली ती त्यामुळे. खूण पहिल्याच दिवशी आमच्या हातात आली होती. आम्ही ती ३५० रुपये देऊन भंगारात टाकली.

नुसत्या ओहमवर मीटर ठेवून हा दोष सापडला नसता. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा त्याच्याहून जास्त असतो. आणि शंभर धाग्यांतला एक धागा शाबूत असला, तरी काम बंद असताना मीटर पूर्ण १२.६ दाखवतं. करंट वाहत असतानाच मोजावं लागतं. चाचांचा तो बल्ब त्याचसाठी. २१ वॅटचा बल्ब जवळपास दोन अँपिअर ओढतो, म्हणून कुजलेली वायर मीटरला जे लपवते ते बल्बला लपवता येत नाही. चौथी शिकलेला माणूस ही गोष्ट मला पाच मिनिटांत समजावून सांगू शकला.

जागा कानशीने पांढरी होईस्तोवर घासली, नवी पट्टी लावली, वर बॅटरीच्या मायनसवरून थेट इंजिनला एक जाड वायर दिली. सामान २२० रुपये, मजुरी ८०. मी विचारलं, “चाचा, शोधायचे किती?”

ते माझ्याकडे पाहत राहिले. “त्याचे कोनी देते का, ताई?”

मला जे म्हणायचं आहे ते या प्रश्नापाशी आहे. बिघाड शोधायला चाचांना पाऊण तास लागला, पट्टी लावायला पंधरा मिनिटं. खरं काम त्या पाऊण तासाचं. आणि त्याच कामाला आपल्याकडे दर नाही. मालक बॅटरीचे सात हजार निमूट देतो, कारण बॅटरी डोळ्यांना दिसते, हाताला जड लागते, तिच्यासोबत वॉरंटीचं कार्ड येतं. पण मिस्त्री म्हणाला, “तासभर शोधलं, त्याचे तीनशे,” की आपण भांडायला उठतो. “काही बदललं नाही, मग पैसे कशाचे?” हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे. मग मिस्त्रीने करायचं काय? ज्याचे पैसे मिळतात ते तो करतो, म्हणजे वस्तू बदलतो. त्यात त्याला दुकानाकडून चार पैसे सुटतात, आणि गाडी लवकर हलते. माझी सोळा हजारांची बिलं ज्या गॅरेजांनी केली त्यांना लबाड म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्यांना आम्ही मालकांनीच ही सवय लावली आहे.

म्हणून माझी पहिली मागणी मालकांकडे आहे. गाडी नेताना सांगा की शोधण्याची मजुरी वेगळी देऊ, आणि ती द्या. बिलावर तिची स्वतंत्र ओळ मागा. त्या ओळीखाली आकडा लिहून घ्या: चावी बंद असताना किती व्होल्ट, सेल्फ फिरताना किती, इंजिन चालू असताना किती. चालू इंजिनवर बॅटरीच्या टोकांना १३.८ ते १४.४ च्या आसपास मिळत असतील, तर डायनामो आपलं काम करतो आहे. तेवढ्या एका आकड्याने माझे ५,१०० वाचले असते. आणि बदललेली जुनी वस्तू घरी आणा. माझा जुना डायनामो मी आणला नव्हता. त्याची हळहळ अजून वाटते.

मिस्त्रींनाही काही सांगायचं आहे, आणि ते त्यांच्या भल्याचं म्हणून सांगते. इंजिन चालू असताना बॅटरीचा क्लॅम्प काढून डायनामो ‘तपासायची’ पद्धत आता सोडा. बॅटरी सुटली की डायनामोचा व्होल्टेज उसळतो आणि त्यातले डायोड, कटआउट क्षणात जळतात. चांगला डायनामो तपासताना मेला, असं होतं ते यामुळे. वायरीने वायरीला ठिणगी मारून करंट पाहणंही तसंच. भरत्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. त्याच्याजवळ ठिणगी पडली तर बॅटरी फुटून ॲसिड थेट तोंडावर येतं.

आणि फ्यूज. आमच्या गाडीच्या फ्यूजच्या डबीत मी पहिल्यांदा बोट घातलं तेव्हा तीन फ्यूजांवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती आणि एका जागी चक्क तांब्याची तार. ब्लेड फ्यूजचे रंग सगळीकडे ठरलेले असतात. लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. निळ्याच्या जागी निळाच लागतो. तो पुन्हापुन्हा उडत असेल तर पुढे कुठे तरी वायर घासते आहे, हे तो ओरडून सांगतो. तार घातली की ओरडणं बंद होतं, वायर मात्र तापत राहते. मी वेचणीचा मोकळा कापूस भरून नेते. कापसाच्या गाडीला एक ठिणगी काय करते ते आमच्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

काळी माती आणि खत हे आणखी दोन शत्रू. पावसाळ्यात काळी माती चेसिसच्या सांध्यांत जाऊन बसते आणि दिवाळीपर्यंत ओल धरून ठेवते. खताच्या गोणीतून सांडलेली भुकटी हवेतलं पाणी ओढते, आणि फाळक्याखालच्या जोडण्यांवर हिरवट-पांढरा थर चढतो. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बॅटरीतलं पाणी उडतं. महिन्यातून एकदा झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर पाहिलं नाही तर प्लेटा उघड्या पडतात. गाडी कापसाच्या कोठ्याजवळ उभी राहिली की उंदीर वायरी कुरतडतात. हे सगळं कंपनीच्या पुस्तकात सापडायचं नाही. ते इथल्या मिस्त्रीला माहीत असतं, आणि त्याचं मोल आहे.

एक गोष्ट मात्र पैशांच्या पलीकडची आहे. जाम चौरस्त्याहून रात्री नागपूरकडे किंवा चंद्रपूरकडे निघा आणि पुढे चाललेल्या ट्रॉल्या आणि पिकअप पाहा. किती जणांचे मागचे लाल दिवे लागलेले असतात? गेल्या हिवाळ्यात धुक्यात माझ्या पुढे अचानक ट्रॉली उभी राहिली, तिला एकही दिवा नव्हता. ब्रेक लागला म्हणून आज लिहिते आहे. मागचे दिवे बहुतेक वेळा बल्ब गेल्याने बंद पडत नाहीत. दिव्याची अर्थ डाल्याच्या गंजलेल्या पत्र्यातून घेतलेली असते, ती तुटते. ओळखायची खूण सोपी आहे. ब्रेक दाबला की त्याच दिव्यातला इंडिकेटर मिणमिणतो, किंवा इंडिकेटर दिला की लाल दिवा फडफडतो. करंट दुसऱ्याच्या वावरातून चालला, असं समजायचं. दिव्याच्या पत्र्यापासून चेसिसच्या स्वच्छ बोल्टपर्यंत एक काळी वायर टाकली की काम झालं. वीस रुपयांची वायर, दहा मिनिटं. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं आणि त्या दिवशी सगळे दिवे लागतात. दुसऱ्या दिवशीपासूनचं काय? मागून मोटारसायकलवर येणारं पोर त्या दिव्याच्या भरवशावर असतं.

हे झालं आपल्या हातातलं. जे आपल्या हातात नाही त्याबद्दलही बोललं पाहिजे, आणि ते म्हणजे वायरिंगचा नकाशा. गाडीत कोणत्या रंगाची वायर कुठून निघते, कोणत्या फ्यूजमधून जाते, कोणत्या रिलेवर थांबते, याचं एक चित्र असतं. गाडी बनते त्याच दिवशी ते तयार असतं. ते हातात असेल तर तासाचं काम दहा मिनिटांत होतं. माझ्या ओळखीच्या एकाही टपरीत ते नाही. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात टायरची हवा आणि ऑइलचं माप होतं, नकाशा नव्हता. वीस वर्षांत त्या वायरिंगमध्ये किती हात पडले! पुतण्याने म्युझिक सिस्टिम जोडली, कोणी रिव्हर्सचं गाणं लावलं, दिवाळीत निळ्या लाइटांची माळ आली. एकदा रात्रीतून बॅटरी उतरायला लागली तेव्हा मी मायनसच्या वायरीत मीटर जोडून एकेक फ्यूज उपसून पाहिला. सगळं बंद असताना गाडीने ५० मिलिअँपिअरच्या आतच ओढावं, ती ४०० ओढत होती. म्युझिकचा फ्यूज काढला तसा आकडा पडला. नकाशा नसताना असंच करावं लागतं, अंधारात हात फिरवत.

ही तक्रार माझ्या एकटीची नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ वाहन कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी ६५ लाखांचा दंड ठोठावला होता. कारण हेच: सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि बिघाड तपासायची साधनं बाहेरच्या गॅरेजांना खुल्या बाजारात मिळत नव्हती. प्रकरण पुढे न्यायालयांत गेलं. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरातली उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं तिच्यापुढे होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचं पोर्टलही सुरू झालं. दिशा बरोबर आहे. पण मी एक साधी कसोटी लावते. तो नकाशा हिंगणघाटच्या टपरीतल्या भिंतीवर, मराठीत, ऑइलचा हात लागला तरी पुसणार नाही अशा कागदावर लागला का? तो लागेल तेव्हा हक्क पोचला असं मी म्हणेन. दहा-पंधरा वर्षं जुन्या गाड्यांचे नकाशे उघडे केल्याने कोणत्याही कंपनीचं गुपित फुटत नाही. त्या गाड्या आता कोणी बनवतही नाही.

वर्धा जिल्ह्यात राहून या बाबतीत एक आठवण आल्याशिवाय राहत नाही. गांधीजी सेवाग्रामला यायच्या सात वर्षं आधी, १९२९ मध्ये, चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. सूत किती निघावं, बाईला आठ तास न थकता चालवता यावा, अशा अटी होत्याच. पण त्यांत दोन अटी दुरुस्तीच्या होत्या. वेळच्या वेळी निगा राखली तर यंत्र वीस वर्षं चाललं पाहिजे, आणि निगेचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांच्या वर जाता कामा नये. किंमत दीडशे रुपयांच्या आत, म्हणजे वर्षाला साडेसात रुपये. ते बक्षीस कोणाला मिळालं नाही. तरी ती अट मला फार मोठी वाटते. यंत्र विकत घेण्याच्या आधीच त्याच्या दुरुस्तीचा हिशेब मागायचा, हे तेव्हा सुचलं होतं. आज शोरूममध्ये आम्हाला मायलेज सांगतात, हप्ता सांगतात. अर्थिंगची पट्टी कुठे आहे आणि ती किती वर्षांनी बदलायची, हे विचारावं असं आम्हालाही सुचत नाही.

वर्ध्यातच मगनवाडी आहे, ग्रामोद्योगाचं काम १९३४ पासून जिथे उभं राहिलं. १९३७ साली याच गावात भरलेल्या शिक्षण परिषदेत हाताच्या कामातून शिकवायचा विचार मांडला गेला, पुढे तो नयी तालीम म्हणून देशभर गेला. त्या जिल्ह्यात हाताने शिकलेल्या मिस्त्रीला पुढचं शिकायची जागा असू नये, हे मला सलतं. आयटीआयमध्ये बहुतेक दहावी झालेली मुलं जातात, दिवसा जातात. चाचांकडे हाताखाली असलेला एकोणीस वर्षांचा मुलगा नववीतून सुटला आहे आणि दिवसा टपरीत असतो. त्याचं भविष्य सेन्सर असलेल्या नव्या गाड्यांत आहे आणि हातात अजून मीटर नीट धरता येत नाही. तालुक्याच्या आयटीआयचं वर्कशॉप संध्याकाळी सहा ते आठ उघडं ठेवलं, आठवड्यातून दोन दिवस, प्रवेशाला मार्कशीट न मागता, तर तीन महिन्यांत अशी वीस पोरं मोजायला शिकतील. आणि चाचांसारख्या माणसाला तिथे शिकवायला बोलवावं, मानधन देऊन. मार्कशीट त्यांच्याकडेही नाही.

त्या दिवशी टपरीतून निघताना मी चाचांच्या हातात तीनशे रुपये वेगळे ठेवले. ते घेईनात. ह्यांनी समजावलं तेव्हा घेतले आणि म्हणाले, “मंग पावतीवर लिवून देतो.” पोराकडून लिहून घेतलं: ‘फॉल्ट शोधला, ३००’. डब्यातलं हे पाचवं बिल.

आठवड्याने मी ४५० रुपयांचं मीटर आणलं. आता गॅरेजात गेले की आधी आकडा सांगते: चावी बंद १२.५, फिरवताना १०.४, चालू इंजिनवर १४.१. मिस्त्री मग ह्यांच्याकडे पाहत नाहीत, माझ्याशी बोलतात. गावातली पोरंही गाडी अडली की आधी आमच्या अंगणात येतात. “काकू, मीटर आणा ना जी.”

आणि मी नकाशा काढते आहे. आमच्या गाडीचा, पोरीच्या जुन्या वहीत, रंगीत पेन्सिलींनी. रोज दुपारी एक वायर धरायची आणि ती संपेपर्यंत मागे जायचं. आतापर्यंत एकतीस वायरी लागल्या. हेडलाइटचा दहा अँपिअरचा भार थेट स्विचमधून जातो हे त्यातूनच कळलं, आणि तिथे रिले टाकून घेतला. स्विच आता तापत नाही. पानांच्या झेरॉक्स काढून एक चाचांच्या टपरीत दिली, एक जामच्या गॅरेजात.

बत्तिसावी वायर हिरवी आहे, तिच्यावर पिवळी रेघ. फ्यूजच्या डबीतून निघते, डॅशबोर्डखालून ड्रायव्हरच्या सीटखाली जाते, आणि तिथे टेप गुंडाळून संपते. चावी चालू केली की तिच्यावर १२.३ व्होल्ट येतात, बंद केली की शून्य. ती कशासाठी आहे ते मला अजून कळलेलं नाही. वहीत तिच्यासमोरची जागा रिकामी ठेवली आहे.